दोनदा हरण्याचा हक्क

मे २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमधले दोन संघ हरले. आधी ते कसे हरले ते सांगते.

पहिला संघ मिसिसिपी विद्यापीठाचा. त्याला सगळे ‘ओल मिस’ म्हणतात. विल्यम फॉकनर ज्या ऑक्सफर्ड गावात राहिला, तिथलंच हे विद्यापीठ. आपल्या कॉन्फरन्सच्या अजिंक्यपद स्पर्धेत हा संघ पहिल्याच दिवशी व्हँडरबिल्टकडून ३-१ असा हरला आणि त्याची स्पर्धा एका सामन्यात आटोपली. दुसरा संघ नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा. तो त्याच्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेत थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे नॉर्थ कॅरोलायनाकडून ९-५ असा हरला.

लगेच पुढे राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांची यादी जाहीर झाली. पहिल्या दिवशी हरलेला ओल मिस यादीत होता. अंतिम सामना खेळलेला नॉर्थ कॅरोलायना स्टेट नव्हता. आणि अगदी दारात उभं राहून आत शिरलेला हाच ओल मिस जून संपता संपता राष्ट्रीय विजेता झाला.

ही गोष्ट साधारणपणे परीकथेच्या सुरात सांगतात. शेवटच्या बाकावरचा मुलगा पहिला आला, टाळ्या. मला त्या परीकथेपेक्षा तिच्यातल्या एका प्रश्नात जास्त रस आहे: ओल मिसला दुसरी संधी नेमकी कुणी दिली? स्पर्धेने तर दिली नव्हती. स्पर्धेने त्याला बाहेर काढलं होतं. मग ही कॉन्फरन्स अजिंक्यपद स्पर्धा नक्की ठरवते तरी काय?

हा प्रश्न मला समीक्षेचा वाटतो. स्पर्धेचं वेळापत्रक ही एक प्रकारची संहिताच असते. कोण कधी रंगमंचावर येणार, कुणाला किती प्रवेश मिळणार, पडदा कुठे पडणार हे चेंडू पडायच्या आधीच लिहिलेलं असतं. खेळाडू फक्त त्यात संवाद भरतात. म्हणून या लेखात मी खेळाडूंपेक्षा संहितेबद्दल जास्त बोलणार आहे.

एटीकेटीचं व्याकरण

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. काही गट श्रीमंत आणि बलाढ्य, काही अगदी साधे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंत हे संघ एकमेकांशी खेळतात. शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन सामन्यांची मालिका हा त्यांचा नेहमीचा आठवडा. मेच्या शेवटी प्रत्येक कॉन्फरन्स आपली अजिंक्यपद स्पर्धा भरवते. ती जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप जागा मिळते. अशा सुमारे तीस जागा असतात. उरलेल्या तीस-पस्तीस जागा एक निवड समिती भरते. हंगामभराची कामगिरी, प्रतिस्पर्धी किती तगडे होते, असं सगळं पाहून ती ठरवते.

या स्पर्धांची जुनी, घरगुती रचना म्हणजे डबल एलिमिनेशन. एकदा हरलात तर तुम्ही बाहेर जात नाही, फक्त खालच्या रांगेत जाता. तिथे तुमच्यासारखेच एकदा हरलेले संघ असतात. त्या रांगेत जिंकत राहिलात तर पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत येता येतं. दोनदा हरलात की मात्र खेळ खल्लास.

आपल्याकडे ज्यांनी कॉलेज केलंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. ही एटीकेटी आहे. विषय राहिला, पण वर्ष गेलं नाही. पुढच्या वर्षीचा अभ्यास डोक्यावर घेऊन मागचाही फेडायचा. मान नाही, पण वाट आहे.

आयपीएल पाहणाऱ्यांना याचा एक तुकडा माहीत आहे. २०११ पासून तिथे पहिल्या दोन क्रमांकांचे संघ क्वालिफायर एक हरले तरी त्यांना क्वालिफायर दोन मिळतो. पण तिसऱ्या-चौथ्या संघाला ती सोय नाही. म्हणजे दुसरी संधी हे तिथे वरच्या क्रमांकाचं बक्षीस आहे. अस्सल डबल एलिमिनेशनमध्ये ती सगळ्यांना मिळते. पहिल्या मानांकनालाही आणि शेवटच्यालाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

या रचनेतली मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे अंतिम फेरी. समजा एक संघ अजून एकदाही हरलेला नाही आणि त्याच्यासमोर एकदा हरून, खालून चढून आलेला संघ आहे. खालून आलेल्याने सामना जिंकला, तर दोघांच्याही खात्यात एक-एक पराभव होतो. मग आणखी एक सामना खेळावा लागतो. वेळापत्रकात तो आधीच छापलेला असतो आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं: ‘गरज पडल्यास’. जो सामना होईल की नाही हे कुणालाच माहीत नाही, त्याला तारीख आहे, वेळ आहे, मैदान आहे. हरलेल्या माणसासाठी कुणीतरी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे, असं मला ते दोन शब्द वाचताना नेहमी वाटतं.

सकाळी साडेनऊचे प्रेक्षक

शिकायला मी दोन वर्षं अलाबामातल्या बर्मिंगहॅमला होते. तिथून जवळच हूवर नावाचं उपनगर आहे. देशातली सर्वांत तगडी समजली जाणारी साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, १९९८ पासून आपली बेसबॉल स्पर्धा तिथल्या हूवर मेट मैदानावर भरवते. कोविडमुळे २०२० ची स्पर्धा रद्द झाली, तेवढा अपवाद. हे तेच मैदान, जिथे १९९४ साली बास्केटबॉल सोडून आलेला मायकल जॉर्डन बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला आणि सरासरी .२०२ वर अडकला. हरण्याचं शिक्षण द्यायला ही जागा तशी जुनीच म्हणायची.

मी गेले तेव्हा स्पर्धेची रचना संमिश्र होती. बारा संघ, पहिल्या दिवशी बाद फेरी, मग आठ संघांत डबल एलिमिनेशन, आणि शनिवारी-रविवारी पुन्हा बाद फेरी. वेळापत्रक वाचताना एक गोष्ट दिसायची. एकदा हरलेल्या संघांचे सामने सकाळी साडेनऊपासून, जिंकलेल्यांचे दुपारनंतर आणि दिव्यांच्या उजेडात. संध्याकाळी गर्दी, ढोल, टीव्हीचे कॅमेरे. सकाळी आई-बाप, काही निवृत्त मंडळी, शेजारच्या तळावर गाडीघर लावून आठवडाभर मुक्काम ठोकलेले पक्के शौकीन, आणि माझ्यासारखे चार रिकामटेकडे.

पण बेसबॉल कळायला सकाळचा सामना बरा. कॉलेजचा मुख्य पिचर आठवड्यातून एकदा शंभरेक चेंडू टाकतो. खालच्या रांगेत गेलेल्या संघाला रोज खेळावं लागतं, कधी एकाच दिवसात दोनदा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताजे हात संपतात. मग हंगामभर बाकावर बसलेला, नाव कुणाला ठाऊक नसलेला पहिल्या वर्षाचा मुलगा टेकाडावर उभा राहतो. तो चांगला टाकतो की वाईट, हे दुय्यम. संघाकडे किती माणसं आहेत हे त्या सकाळी उघडं पडतं. बाद फेरीत संघाचा एक उत्तम दिवस दिसतो. डबल एलिमिनेशनमध्ये संघाचा तळ दिसतो.

‘करो या मरो’ कुणासाठी?

२०२५ मध्ये एसईसीने ही रचना मोडली. टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यामुळे कॉन्फरन्स सोळा संघांची झाली होती. नव्या स्पर्धेत सोळाही संघांना प्रवेश मिळाला, पण सगळी स्पर्धा सरळ बाद फेरीची झाली. एक हार, खेळ समाप्त. पहिल्या चार मानांकित संघांना थेट उपांत्यपूर्व फेरी. त्याच वर्षी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सनेही, म्हणजे एसीसीनेही, सोळा संघांची बाद फेरी स्वीकारली.

एसीसीच्या बाबतीत जुन्यासाठी रडावं असं काही नव्हतं. २०१७ पासून २०२४ पर्यंत तिथे तीन-तीन संघांचे चार गट होते आणि प्रत्येक गटातला एकच संघ पुढे जायचा. तिघांचाही एक विजय, एक पराभव झाला तर वरचं मानांकन असलेला संघ पुढे. आता गणित करून पाहा. गटातल्या तळाच्या संघाने मधल्याला हरवलं, तर मधला आणि वरचा यांच्यातल्या सामन्याला काहीही अर्थ उरत नाही. वरचा तो हरला तरी तळाच्या संघाला हरवून पुढे जातो, आणि मधला जिंकला तरी घरी जातो. नऊ इनिंग, सत्तावीस-सत्तावीस आऊट, तीन तास, आणि निकालाचं वजन शून्य. अशी संहिता कुणी एकांकिका स्पर्धेला दिली असती, तर प्राथमिक फेरीतच परत आली असती.

तेव्हा बाद फेरी आली याचं टीव्हीवर स्वागत झालं यात नवल नाही. प्रत्येक सामना ‘करो या मरो’. फोनवर पाहणाऱ्याला एका ओळीत कळेल अशी गोष्ट. पण त्या पहिल्याच वर्षी नेमकं कोण मेलं ते पाहू.

उपांत्यपूर्व फेरीत पहिलं मानांकन असलेला टेक्सस संघ टेनेसीकडून हरला. मेला का? नाही, राष्ट्रीय स्पर्धेत त्याला दुसरं मानांकन मिळालं. आर्कान्सा ओल मिसकडून हरला, त्याला तिसरं मिळालं. एलएसयू उपांत्य फेरीत ओल मिसकडून २-० असा हरला आणि त्याच जूनमध्ये राष्ट्रीय विजेता झाला. आणि हूवरमध्ये करंडक उचलणाऱ्या व्हँडरबिल्टचं काय झालं? अंतिम सामना ३-२ जिंकून तो राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकन घेऊन गेला आणि आपल्याच मैदानावर, पहिल्याच टप्प्यात, लुईव्हिल आणि राइट स्टेट या दोन संघांकडून हरून बाहेर पडला.

एसईसीच्या सोळांपैकी तेरा संघ त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत गेले. म्हणजे हूवरमधल्या पंधरा पराभवांपैकी बहुतेकांनी कुणालाच खरं बाहेर काढलं नाही. ‘मरो’ हा शब्द लागू पडत होता तो जेमतेम तीन संघांना. त्यातला एक टेक्सस ए अँड एम. हंगामापूर्वीच्या अंदाजांत देशात अव्वल धरलेला, मग घसरत गेलेला. तो उपांत्यपूर्व फेरीत एलएसयूकडून हरला आणि त्याचा हंगाम तिथे संपला. एकाच मैदानावर समोरासमोर दोन संघ होते. एकासाठी तो शेवटचा दिवस होता, दुसऱ्यासाठी सराव. ही विषमता मला त्या स्पर्धेतलं सर्वांत मोठं नाट्य वाटते, आणि समालोचनाची भाषा तीच झाकते. सगळ्यांना एकच ‘करो या मरो’ लावलं की कुणाचं मरण खरं आहे, ते ऐकू येत नाही.

जिथे दार एकच असतं

आता त्या तीसेक कॉन्फरन्समधल्या धाकट्यांकडे बघू. तिथल्या बहुतेक संघांना समिती जागा देत नाही. त्यांच्यासाठी राष्ट्रीय स्पर्धेचं दार एकच, आणि ते कॉन्फरन्सचा करंडक उचलल्यावरच उघडतं.

आयव्ही लीगचं उदाहरण घ्या. हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया यांची ही कॉन्फरन्स. खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. २०२३ पासून तिथे फक्त पहिले चार संघ एकत्र येतात आणि डबल एलिमिनेशन खेळतात. त्या पहिल्या वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने, म्हणजे पेनने, ती जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचा पहिला सामना होता यजमान ऑबर्नशी, म्हणजे एसईसीतल्या संघाशी, त्याच्याच मैदानावर. पेनने तो जादा इनिंगमध्ये जिंकला, मग सॅमफर्डलाही हरवलं. पुढे सदर्न मिसने त्यांना थांबवलं. पण समितीच्या भरवशावर राहिला असता, तर असा संघ त्या मैदानावर दिसलाच नसता.

याहून मोठी गोष्ट २००८ ची. फ्रेस्नो स्टेट हा संघ आपल्या वेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत आला. चार संघांच्या आपल्या गटात त्याचं मानांकन चौथं, म्हणजे शेवटचं. तिथून तो ओमाहातल्या अंतिम मालिकेपर्यंत गेला. जॉर्जियाविरुद्ध पहिला सामना हरला, दुसरा १९-१० जिंकला, आणि तिसऱ्यात ६-१. त्या सहाही धावा स्टीव्ह डेटवायलर या एकाच खेळाडूच्या फटक्यांवर आल्या, आणि त्याच्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. हंगामाअखेर संघाचा हिशेब होता ४७ विजय आणि ३१ पराभव. एकतीस वेळा हरलेला राष्ट्रीय विजेता! सरळ रेषेत विचार करणाऱ्या कुठल्याही रचनेला हा संघ सापडला नसता.

चॅड हार्बाक याची ‘द आर्ट ऑफ फील्डिंग’ ही २०११ ची कादंबरी अशाच एका छोट्या, काल्पनिक कॉलेजच्या बेसबॉल संघाची आहे. कधीही न चुकणारा शॉर्टस्टॉप हेन्री एक चेंडू भरकटवतो आणि तिथून त्याचा हातच त्याला परका होतो. पुढे ऐन मोक्याच्या सामन्यात तो स्वतः मैदान सोडून जातो. संघ मात्र त्याच्याशिवाय जिंकत राहतो. कादंबरीचा शेवट मला जरा जास्तच गोड वाटतो, पण तिने एक गोष्ट अचूक पकडली आहे. संघाला वेळापत्रक दुसरी संधी देतं, माणसाला मात्र ती कुणीतरी माणूसच देतो. आणि कॉलेज बेसबॉलमध्ये माणसाचा प्रश्न फार जवळचा असतो. यातली बहुतेक मुलं व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत. धाकट्या कॉन्फरन्समधल्या शेवटच्या वर्षाच्या मुलासाठी त्या स्पर्धेतला दुसरा पराभव म्हणजे सहा-सात वर्षांचा असल्यापासून चालू असलेल्या एका आयुष्याचा शेवट असतो. त्या दुपारनंतर तो हिशेबनीस, शिक्षक, विक्रेता काहीही होईल. बेसबॉलपटू असणार नाही.

दंडाचा प्रश्न

डबल एलिमिनेशनच्या विरोधात एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पिचरचा दंड. खालच्या रांगेतून चढायचं तर प्रशिक्षकाला मोह होतो. गुरुवारी नव्वद चेंडू टाकलेल्या मुलाला शनिवारी पुन्हा उभं करायचं. तो मुलगा नाही म्हणत नाही, विशेषतः ती त्याची शेवटची स्पर्धा असेल तर. कोपराचा अस्थिबंध तुटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष पुनर्वसन. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती टॉमी जॉन नावाच्या पिचरवर पहिल्यांदा केली, म्हणून ते नाव. कुणाच्या तरी कोपराच्या किमतीवर मला दुसऱ्या संधीचं काव्य नको आहे.

पण या मुद्द्याचं उत्तर बाद फेरी हेच आहे, असं नाही. आयव्ही लीगने संघ चारच ठेवले, त्यामुळे सामने कमी झाले. एका पिचरने किती दिवसांत किती चेंडू टाकावेत यावर कॉन्फरन्स मर्यादा घालू शकते. आणि गंमत अशी की मोठ्या कॉन्फरन्समध्ये प्रशिक्षक दंडाची काळजी आधीपासूनच घेतात. राष्ट्रीय स्पर्धा पुढच्याच आठवड्यात असते, म्हणून मुख्य पिचरला थोडक्यात आवरतं घेतात किंवा उतरवतच नाहीत. ज्यांच्याकडे दुसरी संधी खिशात आहे, त्यांना दंड राखून ठेवणं परवडतं. ज्यांच्याकडे नाही, ते दंड पणाला लावतात. प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

आता सुरुवातीच्या दोन संघांकडे पाहा. ओल मिसचा कॉन्फरन्समधला हिशेब १४ विजय, १६ पराभव होता. तरी समितीने त्याला घेतलं, कारण ते सोळा पराभव बलाढ्यांकडून झालेले होते. मोठ्या घरातला पराभवही वजनदार धरला जातो. हा निर्णय चुकला असं म्हणायला मी धजणार नाही, ओल मिसने मैदानावर त्याचं उत्तर दिलं. पण नॉर्थ कॅरोलायना स्टेटला उत्तर द्यायला मैदानच मिळालं नाही. आणि तोही मोठ्याच घरातला संघ होता. धाकट्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात हरलेल्या संघांची तर यादीदेखील कुणी काढत नाही.

एसईसीने वेळापत्रकातली दुसरी संधी काढून टाकली याचं मला एवढं वाईट वाटत नाही. तिच्या संघांना ती लागतच नव्हती. मला खटकतं ते हे, की मोठे जे करतात ते हळूहळू नियम होऊन खाली झिरपतं. उद्या धाकट्या कॉन्फरन्सनीही टीव्हीच्या सोयीसाठी सरळ बाद फेरी घेतली, तर दिसायला सगळं समान असेल. सगळ्यांना एकच हार. पण एकाच्या मागे समिती उभी असेल आणि दुसऱ्याच्या मागे परतीची बस. दुसरी संधी नियमात लिहिलेली असते तेव्हा ती सगळ्यांची असते, मोठ्यांची आणि लहानांचीही. ती नियमातून काढून बंद खोलीत नेली, की ज्यांना तिथे ओळखतात त्यांचीच होते.

म्हणून पुढच्या मे महिन्यात कधी फोनवर हा खेळ दिसलाच, तर बड्या संघांचा रविवारचा अंतिम सामना खुशाल सोडून द्या. एखादी धाकटी कॉन्फरन्स शोधा, जिथे चार संघ आहेत आणि डबल एलिमिनेशन आहे. आपल्याकडे तेव्हा रात्र असेल. एकदा हरलेल्या संघाचा सामना बघा. तिसऱ्या दिवशी कोण टेकाडावर उभं आहे ते बघा. आणि तो संघ जिंकला, तर वेळापत्रकातला तो शेवटचा, ‘गरज पडल्यास’ लिहिलेला सामना पाहायला जागे राहा.